बेघर स्त्री आणि मातृसेवा : नागपूर शहराच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

सारांश

नागपूर शहरात स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय सेवा सुरू होऊन शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात मातृसेवेची साधने वाढली, कायदे झाले, योजना आल्या. तथापि या सर्व व्यवस्थांनी गर्भवती स्त्रीला घर आहे हे गृहीत धरले. ज्या स्त्रीला घर नाही तिची प्रसूती रुग्णालयात झाली तरी तिचे बाळंतपण कोठे व्हावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. एकोणिसाव्या शतकात पुणे व पंढरपूर येथे उभ्या राहिलेल्या संस्थांनी प्रसूती आणि निवारा या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या होत्या. पुढे त्यांची फारकत झाली. ही फारकत कशी झाली आणि तिचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : बेघर स्त्री, मातृसेवा, सूतिकागृह, बालहत्या प्रतिबंधक गृह, मातृसेवा संघ, नागपूर.

१. प्रस्तावना

मराठी समाजात बाळंतपणाची कल्पना घराशिवाय करता येत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा प्रघात, बाळंतिणीची वेगळी खोली, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पाचवीची पूजा आणि सव्वा महिन्याची विश्रांती या सर्व गोष्टींमागे एक घर उभे असते. या परंपरेत दोष नव्हते असे नाही. कोंदट व धुराने भरलेल्या खोल्यांनी अनेक माता-बालकांचे प्राण घेतले. परंतु ऊब, विश्रांती, सोबत आणि वेळेवर अन्न या चार गोष्टी बाळंतिणीला मिळाल्याच पाहिजेत, ही जाण त्या परंपरेत निश्चितपणे होती. ही जबाबदारी घराची मानली गेली. त्यामुळे ज्या स्त्रीला घरच नाही तिची जबाबदारी कोणाचीच ठरली नाही.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर व्यक्तींची स्वतंत्र मोजणी झाली. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, उड्डाणपुलाखाली, रेल्वे फलाटावर किंवा देवळाच्या आवारात रात्र काढणाऱ्या व्यक्ती तीत धरल्या गेल्या. देशात अशा व्यक्तींची संख्या १७ लाख ७३ हजारांच्या आसपास, तर महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक भरली. नागपूर हे देशाच्या मध्यावरील रेल्वेचे मोठे जंक्शन असल्याने चारी दिशांनी येणारी माणसे येथे उतरतात. रेल्वे स्थानकाचा परिसर, कॉटन मार्केट, ताजबाग आणि शासकीय रुग्णालयांच्या भोवतीचे पदपथ ही त्यांची वसतिस्थाने होत. त्यांत कुटुंबासह राहणाऱ्या स्त्रिया असतात, तशाच एकाकी, परित्यक्ता आणि मानसिक आजाराने घराबाहेर पडलेल्या स्त्रियाही असतात.

प्रस्तुत लेखात उपलब्ध ऐतिहासिक साधने, अधिनियम, शासकीय योजना आणि न्यायनिर्णय यांच्या आधारे वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. ‘बेघर’ या संज्ञेत पदपथावर राहणाऱ्या स्त्रीबरोबरच, गर्भवती असल्यामुळे जिला घराचे दार बंद झाले अशा स्त्रीचाही समावेश केला आहे. इतिहासात या दोघींची वाट पुष्कळदा एकच झालेली दिसते.

२. प्रसूती आणि निवारा : एकोणिसाव्या शतकातील प्रयोग

या इतिहासाचा आरंभ नागपुरात न होता पुण्यात होतो. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पुनर्विवाहाला बंदी असलेल्या जातींतील तरुण विधवा गरोदर राहिल्यास तिच्यापुढे गर्भपात, बालहत्या किंवा आत्महत्या हेच मार्ग उरत. अशाच एका विधवेला बालहत्येबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाल्याची घटना फुले यांच्या मनाला लागली होती. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे हे त्यांच्या इच्छेवर राहील, असे जाहीर करण्यात आले. १८८४ मध्ये सक्तीच्या वैधव्याविषयी लिहिलेल्या टिपणात, तोपर्यंत ३५ विधवा या गृहात येऊन बाळंत झाल्याचे फुले यांनी नमूद केले आहे. १८७४ मध्ये अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, या दाम्पत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

३५ ही संख्या मोठी नाही. परंतु या गृहाची रचना पाहण्याजोगी आहे. तेथे सुईणीची मदत होती, राहण्याची सोय होती, मुलाच्या संगोपनाची हमी होती आणि मुख्य म्हणजे आलेल्या स्त्रीची चौकशी होत नव्हती. तिचे नाव, गाव, नवरा, जात यांपैकी काहीही प्रवेशाची अट नव्हती.

दुसरा प्रयोग पंढरपूरचा. यात्रेच्या निमित्ताने गरोदर विधवेला पंढरपुरात आणून सोडणे ही त्या काळातील कुटुंबांची एक रीत होऊन बसली होती. तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये प्रार्थना समाजाचे बालकाश्रम उभे राहिले. पुढे ते वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखले गेले. टाकलेल्या मुलांबरोबर टाकलेल्या मातांचाही सांभाळ तेथे झाला. या दोन्ही संस्थांनी प्रसूती हा काही तासांचा प्रसंग मानला नाही. पोट दिसू लागल्यापासून मूल हाती येऊन स्त्री पुन्हा उभी राहीपर्यंतचा सगळा काळ त्यांनी आपल्या कक्षेत घेतला.

३. नागपुरातील स्त्री-रुग्णालये आणि पडद्याचे गृहीतक

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी बनले. राजधानीबरोबर मेयो रुग्णालय आले. स्त्रियांसाठी डफरिन रुग्णालय आणि स्कॉटिश मिशनचे म्युर मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या निधीचा उद्देश भारतीय स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळवून देणे हा होता. डफरिन रुग्णालये त्यातून देशभर निघाली.

या निधीच्या डोळ्यांसमोर मुख्यतः पडद्यातील स्त्री होती. ती घराबाहेर पडत नाही, पुरुष डॉक्टरला दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळी सोय हवी, हा त्यामागील विचार होता. तो त्या काळी आवश्यकही होता. मात्र ज्या स्त्रीला पडदा धरायला भिंतच नव्हती ती या विचारात कोठे बसत होती, हा प्रश्न विचारला गेला नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. गावे सोडून माणसे रस्त्यावर आली. दुष्काळी कामे व गरीबगृहे यांचा कारभार एका बाजूला आणि स्त्री-रुग्णालयांचा कारभार दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी तेव्हापासून दिसते. निराधारांना अन्न देणारी व्यवस्था वेगळी आणि प्रसूती करणारी व्यवस्था वेगळी झाली. पुण्यात व पंढरपुरात जे एका छपराखाली होते ते येथे दोन खात्यांत वाटले गेले.

४. मातृसेवा संघ : आश्रितेपासून संस्थापिकेपर्यंत

नागपूरच्या मातृसेवेच्या इतिहासात १९२१ हे वर्ष महत्त्वाचे आहे. या वर्षी कमलाताई होस्पेट व वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघाची स्थापना केली. सीताबर्डीवर मोजक्या खाटांनी सुरू झालेल्या या सूतिकागृहाचा विस्तार पुढे विदर्भातील व मध्य प्रदेशातील अनेक गावी झाला. परिचारिकांचे प्रशिक्षण, समाजकार्याचे शिक्षण, मतिमंद मुलांची शाळा, वृद्धांसाठी निवास अशी कामेही संघाने हाती घेतली. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

कमलाताई स्वतः बालविधवा होत्या आणि नागपूरच्या डफरिन रुग्णालयात त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. फुले यांचे गृह ज्या वर्गातील स्त्रियांसाठी निघाले त्याच वर्गातील एक स्त्री ५८ वर्षांनंतर सूतिकागृहाची संस्थापिका झाली, ही घटना विदर्भाच्या सामाजिक इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. रुग्णसेवेच्या व्यवसायाने विधवेला उपजीविका दिली आणि घराबाहेर प्रतिष्ठेचे स्थानही दिले.

संघाच्या कार्याचे मोल मान्य करूनही एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते आणि ती कोणत्याही सूतिकागृहाची मर्यादा आहे. सूतिकागृहात स्त्रीला कोणीतरी आणून सोडते आणि काही दिवसांनी कोणीतरी घरी घेऊन जाते. खाट पुढच्या बाळंतिणीसाठी मोकळी व्हावी लागते. जिला न्यायला कोणी येणार नाही तिच्यासाठी दीर्घ मुदतीचा निवारा उभा करणे हे खासगी देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेच्या आवाक्यातले काम नसते. ते शासनाचे काम होते.

५. कायद्यातील माता : कामगार स्त्री

शासनाने मातृत्वाची दखल घेतली ती प्रथम कारखान्याच्या दारातून. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून त्याचा भार मुख्यत्वे शासनाने उचलला पाहिजे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात आणि १९३० मध्ये मध्य प्रांतात प्रसूती लाभ कायदा झाला. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमुळे नागपुरात गिरणी-कामगार स्त्रियांचा मोठा वर्ग तयार झाला होता. या वर्गाच्या दृष्टीने हा कायदा मोलाचा होता. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेतही कामगार स्त्रियांच्या रजा व भरपाईचा प्रश्न मांडला गेला.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने अनुच्छेद ४२ मध्ये प्रसूती साहाय्याची तरतूद करण्याचे निर्देश राज्याला दिले. १९६१ मध्ये केंद्रीय प्रसूती लाभ अधिनियम आला आणि २०१७ मध्ये सवेतन रजेची मर्यादा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. परंतु या सर्व तरतुदी नोंदणीकृत मालक आणि हजेरीपट या दोन गोष्टींना बांधलेल्या राहिल्या. कचरा वेचणारी, रस्त्यावर फुगे विकणारी किंवा भीक मागणारी स्त्री त्यांच्या बाहेर राहिली. बाबासाहेबांनी मातृत्वाचा भार शासनाचा मानला होता. कायद्याने तो बव्हंशी मालकाचा केला आणि जिला मालक नाही तिचा भार कोणी उचलायचा हे सांगायचे राहून गेले.

६. दंडाच्या कक्षेतील गर्भवती

कामगार म्हणून जिची नोंद झाली नाही तिची नोंद दुसऱ्या एका कायद्याने घेतली. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमाने भीक मागणे हा गुन्हा ठरवला आणि पहिल्याच वेळी किमान एक व कमाल तीन वर्षे संस्थेत स्थानबद्ध करण्याची तरतूद केली. भीक मागणाऱ्या व्यक्तीवर अवलंबून असणाऱ्यांनाही स्थानबद्ध करण्याचा अधिकार त्यात आहे. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या या कायद्याच्या दंडात्मक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. नागपुरात मात्र मार्च २०२३ मध्ये, जी-२० च्या निमित्ताने होणाऱ्या नागरी संस्थांच्या बैठकीच्या तोंडावर, पोलीस आयुक्तांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली शहरात भीक मागण्यास व त्यासाठी चौक-पदपथांवर थांबण्यास मनाई केली.

या आदेशाचा मातृसेवेशी काय संबंध, असा प्रश्न कोणी करील. संबंध असा की, जिला शासनाचा पहिला परिचय पकडून नेणाऱ्या गाडीच्या रूपाने होतो ती स्त्री शासनाच्याच रुग्णालयाच्या खिडकीपाशी स्वतःहून जाण्यास कचरते. नाव सांगितले तर कोठेतरी पाठवतील, असलेली मुले काढून घेतील, या धास्तीने ती प्रसूतिपूर्व तपासणी टाळते. रक्तक्षय, रक्तदाब, गर्भाची आडवी स्थिती या तपासणीत कळणाऱ्या गोष्टी मग कळा सुरू झाल्यावरच कळतात.

७. योजनांमधील घर

२००५ पासून मातृसेवेच्या क्षेत्रात झालेले बदल मोठे आहेत. जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या गरीब स्त्रीला रोख साहाय्य दिले. महाराष्ट्रात शहरी भागासाठी ते ६०० रुपये होते आणि त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील असल्याचे किंवा अनुसूचित जाती-जमातीचे असल्याचे प्रमाण लागे. १९ वर्षे वय व दोन अपत्यांची मर्यादाही आरंभी होती. २०१३ मध्ये ती काढण्यात आली. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने शासकीय रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या व रक्त विनामूल्य केले. नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस व शस्त्रक्रियेनंतर सात दिवस आहार, घरून रुग्णालयात आणणारे वाहन आणि परत घरी सोडणारे वाहन अशी त्याची रचना आहे. ही तरतूद निःसंशय कल्याणकारी आहे. तथापि ‘घरी सोडण्याचे’ वाहन बेघर स्त्रीला कोठे सोडणार? ज्या पदपथावरून आणले तेथेच, हे त्याचे सरळ उत्तर आहे.

दुसरे उदाहरण विदर्भाच्या अभिमानाचे आहे. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेच्या माध्यमातून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांमध्ये नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग केला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. २०११ मध्ये केंद्र शासनाने गृहाधारित नवजात शिशू काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रम केला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन भेटते. ज्या काळात बाळ व बाळंतीण दगावण्याचा धोका असतो त्या काळात आरोग्यसेवा दारात पोहोचावी, हे या पद्धतीचे मर्म आहे. जिला दारच नाही तिच्यापर्यंत हा उपाय पोहोचत नाही. सातव्या दिवशी ती स्थानकावर असेल, एकविसाव्या दिवशी तेथून हुसकावली गेल्यामुळे दुसऱ्या पुलाखाली असेल.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयांचे साहाय्य ठरले. त्यासाठी आधार, बँक खाते आणि नोंदणी कार्ड आवश्यक झाले. आरंभी पतीचेही आधार मागितले जाई. कागद सुरक्षित ठेवायला पेटी लागते आणि पेटी ठेवायला घर लागते, ही साधी गोष्ट योजनेच्या आखणीत सुटून गेली.

निवाऱ्याची बाजू पाहता, २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक लाख शहरी लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा असावा असे ठरले. नागपूर महानगरपालिकेने या धोरणानुसार बेघर निवारा केंद्रे चालवली. परंतु निवारा नगरविकासाचा, रुग्णालय आरोग्याचे किंवा वैद्यकीय शिक्षणाचे, महिला राज्यगृह महिला व बालविकासाचे, अशी खात्यांची वाटणी आहे. मेयो, मेडिकल किंवा डागा स्मृती स्त्री रुग्णालयातून सुट्टी मिळालेली बेघर बाळंतीण या तीन खात्यांच्या मधल्या रस्त्यावर येते.

८. न्यायालयांनी काढलेला अर्थ

या त्रुटीची स्पष्ट दखल प्रथम दिल्लीत घेतली गेली. तो निर्णय दिल्लीपुरता असला तरी ज्या योजनांचा अर्थ त्यात लावला गेला त्या नागपुरातही राबवल्या जातात, म्हणून त्याचा विचार येथे प्रस्तुत ठरतो. लक्ष्मी मंडल विरुद्ध दीनदयाळ हरिनगर रुग्णालय या प्रकरणी ४ जून २०१० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यातील एका स्त्रीची प्रसूती झाडाखाली झाली होती. ती बेघर होती आणि आवश्यक कार्ड नसल्याने तिला सेवा मिळाली नव्हती. मातेचे जीवित हा जगण्याच्या अधिकाराचा भाग असून कार्ड दाखवण्याचा भार गर्भवतीवर टाकता येणार नाही, असे न्यायालयाने मानले. त्याच वर्षी एका निराधार स्त्रीचा प्रसूतीनंतर दिल्लीच्या पदपथावर मृत्यू झाल्याच्या वृत्ताची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि निराधार गर्भवती व स्तनदा मातांसाठी खास निवारे उभारण्याचे आदेश दिले. प्रसूती व निवारा यांचा तुटलेला सांधा येथे पुन्हा जुळवला गेला.

यानंतरचे दोन कायदे नागपूरच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने बेघर मनोरुग्णांना विनामूल्य उपचाराचा हक्क दिला आणि उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करू नये असे सांगितले. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला या तरतुदी बंधनकारक आहेत. २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार मूल संस्थेच्या स्वाधीन करणाऱ्या मातेला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. फुले यांच्या गृहाने दिलेली निवड कायद्याने मान्य केली, असे म्हणता येईल. मात्र त्या गृहात निवड करणारी स्त्री छपराखाली होती. हे दोन महिने पदपथावर काढणाऱ्या स्त्रीने मूल दिले, तर तो तिचा निर्णय मानायचा की तिच्या परिस्थितीचा, हे ठरवणे कठीण आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) बेघर स्त्रीच्या मातृसेवेचा प्रश्न केवळ रुग्णालयातील खाटांच्या संख्येचा नाही. प्रसूती आणि निवारा यांची प्रशासकीय फारकत हे त्याचे मूळ आहे.

(२) एकोणिसाव्या शतकातील संस्थांची व्याप्ती अल्प होती. परंतु चौकशीविना प्रवेश, प्रसूतीनंतरचा निवास आणि मुलाविषयी मातेची इच्छा प्रमाण मानणे ही त्यांची तीन तत्त्वे आजच्या योजनांपेक्षा बेघर स्त्रीच्या गरजेला अधिक जुळणारी होती.

(३) कायद्याने माता ओळखली ती कामगार म्हणून किंवा गृहिणी म्हणून. दोन्ही नसलेली स्त्री त्याला प्रथम भेटली ती आरोपी म्हणून.

(४) बेघर बाळंतिणीला रुग्णालयातून सुट्टी देताना निवाऱ्याची लेखी सोय झाल्याशिवाय ती देऊ नये. त्यासाठी प्रत्येक शासकीय स्त्री-रुग्णालयाशी महिलांचे एक निवारा केंद्र जोडावे आणि तेथे किमान ४२ दिवस राहण्याचा हक्क असावा. आशा कार्यकर्तीच्या सहाही भेटी तेथे होऊ शकतील. नोंदणीत पत्त्याऐवजी वावराचे ठिकाण लिहिण्याची मुभा असावी. तपासणीस आलेल्या गर्भवतीची माहिती भीक प्रतिबंधक कारवाईसाठी वापरली जाऊ नये.

वैद्यकशास्त्र प्रसूतीनंतरचे ४२ दिवस जोखमीचे मानते. आपल्या आजी-पणजींनी सव्वा महिना ठरवला होता. दोन्ही हिशेब जवळपास एकच निघतात. मराठी घराने आपल्या लेकीला जो सव्वा महिना दिला तो नागपूर शहराने आपल्या बेघर लेकीला देणे अवघड नाही. त्यासाठी नवे शास्त्र लागत नाही, की अमाप निधी लागत नाही. १८६३ मध्ये एका दाम्पत्याने आपल्या राहत्या घरी जे केले ते शहराने आपल्या तीन खात्यांना एकत्र बसवून करावे, एवढीच या इतिहासाची मागणी आहे.